टायटॅनियमचा चाकू चुंबकाला चिकटतो तेव्हा

‘हंटिंग फोल्डिंग नाइफ. टायटॅनियम मूठ, डी२ पोलाद, ९ सेंमी पातं, वजन फक्त ८५ ग्रॅम.’ राजगड-तोरण्याला जाणारे पुणेकर असल्या जाहिरातींना हमखास भुलतात. शिकारीला आपल्याकडे बंदी आहे, त्यामुळे ‘हंटिंग’ हे नुसतं लेबल. घेणाऱ्याला दोर कापायचा असतो, फार तर कांदा चिरायचा असतो.

पहिली थाप वजनाची. मुठीच्या दोन सपाट, भरीव पट्ट्या ११ सेंमी लांब, अडीच सेंमी रुंद, ३ मिमी जाड धरा. पोलादाच्या असतील तर सुमारे १३० ग्रॅम, टायटॅनियमच्या असतील तर ७५. पात्याचे ४० ग्रॅम वेगळे. म्हणजे अस्सल टायटॅनियममध्येही ८५चा हिशेब जमत नाही. शिवाय टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही. पातं उघडून, स्क्रू टाळून चुंबक लावल्यावरही मूठ चिकटली, तर ते बहुधा राखाडी रंग दिलेलं पोलाद. खरोखर हलका चाकू हवा तर लाकडी किंवा नायलॉनची मूठ बघा: ओपिनेल ८ नंबर ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, पातं साडेआठ सेंमी.

‘डी२’ म्हणजे धार टिकवणारं कठीण पोलाद, पण हा शिक्का लेझरने कशावरही उमटतो. पुण्यातल्या बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारातून बारीक कानस आणा आणि धारेवर नाही, पात्याच्या पाठीवर मुठीजवळ हलकेच फिरवा. नीट पाणी दिलेल्या डी२वरून कानस घसरते. खिळ्यावर लागावी तशी लागली, तर पोलाद मऊ आहे आणि धार दोन दिवसांत जाणार.

पैशांपेक्षा बोटांची काळजी जास्त, कारण खरा धोका उघडलेलं पातं धरून ठेवणाऱ्या लॉकमध्ये असतो. वजन आणि खर्च वाचवायला आतली लॉकची पट्टी पातळ पत्र्याची करतात. पातं उघडल्यावर ही पट्टी त्याच्या बुडाच्या साधारण एक तृतीयांश रुंदीवर टेकलेली हवी. नुसती कडेला टेकली, तर दाबाखाली सटकते. पार पलीकडे गेली, तर झिजलेली. बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पाठ लाकडावर हलकी आपटा. मिटलं तर तो चाकू वापरू नका. पातं ज्यावर फिरतं तिथे रिव्हेट असेल तर ढिलं झाल्यावर आवळताही येत नाही, स्क्रूच हवा.

लांबीतही गंमत असते. ‘८ इंची’ म्हणजे बहुतेक वेळा उघडलेल्या चाकूची मुठीसकट लांबी, पातं साडेतीनच. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाचं नसलेलं पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असेल, तर परवाना लागू शकतो, हेही विक्रेता सांगत नाही.

कॅश ऑन डिलिव्हरीत खोका पैसे दिल्यावरच उघडू देतात आणि मग ‘वापरलेला माल परत नाही’ ऐकावं लागतं. म्हणून पार्सलच्या लेबलपासून चित्रीकरण सुरू करा आणि न थांबता स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावरचं वजन नि चुंबक दोन्ही दाखवा. कानस मात्र माल ठेवायचं ठरल्यावरच. ओरखडा उठला की परतीचा दावा गेला. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आधीच घेऊन ठेवा, ती नंतर बदलते. विक्रेता दाद देत नसेल तर हे सगळं हाताशी घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा.