एंजल्स लँडिंगचं ‘खात्रीशीर परमिट’ विकत घेऊ नका

अमेरिकेत युटामधल्या झायन नॅशनल पार्कला जाणार असाल, तर एवढं वाचून जा. तिथल्या एंजल्स लँडिंग या खडकाच्या अरुंद धारेवर चढायला परमिट लागतं आणि ते कुणालाही विकता येत नाही. जो विकतोय तो फसवतोय. आम्हाला हे धारेवरच्या आधाराच्या साखळ्यांच्या तोंडाशी उभं राहिल्यावर कळलं.

भारतातून दादा-वहिनी आले होते. दादाने सह्याद्री पालथा घातलेला, त्यामुळे वाळवंटी मुलखातली ती लाल खडकाची अरुंद धार त्याला चढायचीच होती. दोन्ही अंगांना तुटलेले कडे, तळाशी व्हर्जिन नदी आणि शेवटचा अर्धा मैल साखळ्या धरून जायचं. फेसबुकवर जाहिरात दिसली: ‘लॉटरीची कटकट नाही, परमिट नक्की, माणशी ८५ डॉलर.’ फोनवरचा माणूस फार अदबीने बोलला. पैसे मात्र झेलनेच, म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या अमेरिकन सेवेनेच, हवे होते. पार्कच्या चिन्हासकट पीडीएफ आली, पण तिच्यावर नाव भलत्याच कुणाचं तरी! मी लगेच विचारलं. म्हणाला, “ग्रुप बुकिंग आहे, ते आमच्या लीडरचं नाव. तो स्काउट लुकआउटला ओळखपत्र घेऊन भेटेल.”

पार्कच्या शटल बसने ग्रोटो थांब्याला उतरलो, वॉल्टर्स विगल्सची २१ वळणं चढलो आणि साखळ्यांच्या आधीच्या स्काउट लुकआउटला पोचलो. लीडर नव्हताच. रेंजरबाईंनी फोनवरची पीडीएफ मोठी केली आणि तारखेवर बोट ठेवलं. बाकीचा मजकूर बारीक, तारखेचे आकडे जाड आणि त्यांच्यामागे एक पांढरा चौकोन. कुणाच्या तरी जुन्या परमिटवर नवी तारीख चिकटवली होती. परमिट हस्तांतरित होत नाही, ज्याच्या नावावर आहे तो सोबत हवाच, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. वहिनीने त्या माणसाला मेसेज करायला फोन काढला, तर रेंज नव्हती. खाली येईपर्यंत त्याने आम्हाला ब्लॉक केलं होतं.

धारेवरची गर्दी आटोक्यात ठेवायला १ एप्रिल २०२२ पासून परमिट सुरू झालं. ते फक्त रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवरच्या लॉटरीतून मिळतं. एका अर्जाला ६ डॉलर, त्यात ६ माणसं बसतात, आणि नंबर लागला तर माणशी ३ डॉलर. तीन डॉलरची गोष्ट ८५ ला, तीही खोटी! हंगामाची लॉटरी बरीच आधी असते. ती हुकली तरी आदल्या दिवशीची असते: रात्री १२:०१ पासून दुपारी ३ पर्यंत अर्ज, ४ वाजता निकाल, सगळं माउंटन टाइमप्रमाणे, म्हणजे युटाच्या वेळेप्रमाणे. अर्जाचे ६ डॉलर मात्र परत मिळत नाहीत.

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की हा धंदा परक्या पाहुण्यांच्या अज्ञानावर चालतो. हजारो मैलांवरून आलेल्या माणसाला इथले नियम कुठून ठाऊक असणार? आणि समजा त्या दिवशी वर तपासणी नसती, तर दादा-वहिनी खोट्या कागदावर धारेवर गेले असते. विनापरवाना गेल्यास दंडही होऊ शकतो, तुरुंगवासही. व्हिसावर आलेल्या माणसाला ही किती मोठी भीती!

स्काउट लुकआउटपर्यंत परमिट लागत नाही, हेही विक्रेते सांगत नाहीत. तिथून पुढे वेस्ट रिमची वाटही मोकळी आहे. आम्ही त्या वाटेने वर गेलो. तिथून एंजल्स लँडिंगची अख्खी धार आणि तिच्यावरची माणसं खाली दिसतात. दादा बराच वेळ तिथून हललाच नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. झेलने गेलेली रक्कम समोरच्याच्या खात्यात लगेच जमा होते, आणि तुम्हीच पाठवलीत म्हटल्यावर बँक बहुधा हात वर करते. तुम्ही असं परमिट घेऊन बसला असाल आणि पैसे कार्डाने दिले असतील, तर आजच बँकेकडे डिस्प्यूट, म्हणजे व्यवहारावर हरकत, टाका. जाहिरातीचे आणि मेसेजचे स्क्रीनशॉट ब्लॉक होण्याआधी काढून ठेवा. तक्रार एफबीआयच्या आयसी-थ्री या सायबर गुन्ह्यांच्या तक्रारींच्या साइटवर आणि एफटीसी या ग्राहकांच्या हिताच्या सरकारी संस्थेकडे, दोन्हीकडे ऑनलाइन करता येते. आम्ही केली आहे.