युनिव्हर्सल अडॅप्टर की देशागणिक सुटा? काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल, मग कारणं. भारतीय थ्री-पिन प्लगची उपकरणं घेऊन परदेशात काही महिने राहायचं असेल, तर सगळ्या देशांत चालणारा युनिव्हर्सल ठोकळा हा दुय्यम पर्याय आहे. एक-दोन सुटे, अर्थिंगवाले अडॅप्टर आणि सोबत एक छोटा भारतीय एक्स्टेन्शन बोर्ड हे जास्त टिकतं, कमी तापतं आणि भिंतीतून निखळत नाही. ठोकळा घ्यावा तो आठ-दहा दिवसांत तीन-चार देश करणाऱ्यांनी, आणि तोही मोबाइल-कॅमेऱ्याच्या चार्जरपुरता.

मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलं की दुकानदार पहिल्यांदा विचारतो, ‘कुठल्या देशासाठी?’ प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. त्याआधी आपल्या हातातला प्लग कुठला, ते बघायला हवं. आपला लॅपटॉपचा थ्री-पिन म्हणजे ६ ॲम्पियरचा टाइप डी. त्याच्या फेज-न्यूट्रलच्या पिना साधारण ५.१ मिलिमीटर जाड आणि अर्थची सुमारे ७. मोबाइल चार्जरच्या टू-पिन बहुतेकदा युरोपीय मापाच्या, ४ मिलिमीटरच्या. गिझर-एसीचा १६ ॲम्पियरचा प्लग वेगळाच, त्याच्या फेज-न्यूट्रलच सातच्या. तसलं काही परदेशी न्यायचा विचारही करू नये.

हे आकडे कशाला? कारण ठोकळा खराब होतो तो याच एका मिलिमीटरमुळे. एकाच भोकात चपट्या, गोल, जाड, बारीक अशा सगळ्या पिना बसाव्यात म्हणून आत पितळेच्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या असतात. त्यात रोज लॅपटॉपची ५.१ची पिन घातली की पट्ट्या फाकतात. मग त्याच भोकात ४ मिलिमीटरची मोबाइलची पिन घातली तर ती लोंबते. चार्जर जरा हलला की टिकटिक आवाज, कधी निळसर ठिणगी, आणि पिनेच्या टोकावर काळा डाग. नव्या ठोकळ्यात यातलं काहीच दिसत नाही, म्हणून दुकानात सगळेच चांगले वाटतात. काही महिन्यांनी उलटा धरून हलवला की चार्जर गळून पडतो. त्या अवस्थेला पोचलेला ठोकळा दुरुस्त होत नाही, टाकून द्यावा.

दुसरी झीज सरकपट्टीची. बटण दाबून अमेरिकन, युरोपीय किंवा ब्रिटिश पिना पुढे सरकवायच्या, तिथे एक छोटी प्लॅस्टिकची खाच त्यांना अडवून धरते. ती खाच झिजली की सॉकेटमध्ये दाबताना पिनाच मागे जातात. ऑस्ट्रेलियासाठी अमेरिकन पिना तिरप्या फिरवायच्या असतात, ते बिजागर तर सगळ्यात आधी सैल पडतं. घेताना पिना पुढे काढून टेबलावर दाबून बघा. किंचितही मागे सरकल्या तर तो नग परत करा.

आता अर्थिंग. यावर सर्वांत कमी बोललं जातं, आणि खरेदीत खरा फरक इथेच पडतो. बहुतेक युनिव्हर्सल ठोकळ्यांतून अर्थ पुढे जातच नाही. आपल्या प्लगची जाड पिन आत जायला भोक असतं, पण मागे काहीच जोडलेलं नसतं. ब्रिटिश बाजूला जी तिसरी पिन सरकते ती पुष्कळदा नुसती प्लॅस्टिकची असते, सॉकेटचं झाकण उघडण्यापुरती. मोबाइल चार्जरला अर्थ लागत नाही, त्यामुळे तिथे बिघडत नाही. पण धातूच्या अंगाचा लॅपटॉप अर्थशिवाय चार्ज होताना मनगटाला झिणझिण्या येतात. चार्जरच्या आतल्या फिल्टर-कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट अंगावर येतो आणि त्याला जमिनीत जायला वाट नसते. तो धोक्याच्या पातळीचा नसतो, त्रासदायक मात्र नक्की. इस्त्री किंवा धातूची किटली असेल तर मात्र हा विषय चेष्टेचा नाही. आतली वायर सुटून अंगाला लागली तर अर्थशिवाय फ्यूज उडणार नाही, आणि हात लावणाऱ्यालाच झटका बसेल.

तपासायचं कसं? मल्टिमीटर बीपवर (जोडणी अखंड असेल तर आवाज करणाऱ्या खुणेवर) ठेवा. एक टोक अडॅप्टरच्या अर्थच्या भोकात आणि दुसरं बाहेरच्या अर्थ-पिनेला लावा. बीप वाजला तर अर्थ आहे. जर्मन पद्धतीच्या अडॅप्टरला वेगळी अर्थ-पिन नसते, कडेला दोन धातूच्या पट्ट्या असतात. तिथे दोन्ही पट्ट्यांवर वाजला पाहिजे. मीटर नसेल तर नुसती नजर पुरते: बाहेर दोनच पिना आहेत आणि कडेला पट्टी नाही, तर अर्थ जायला वाटच नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

देशाप्रमाणे अनुभव बराच वेगळा येतो. ठोकळा सगळ्यात नीट बसतो तो ब्रिटिश पद्धतीच्या सॉकेटमध्ये, म्हणजे ब्रिटन, आयर्लंड, दुबई, कतार, ओमान, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग इथे. तीन जाड चौकोनी पिना वजन पेलतात. इथला सुटा अडॅप्टर घेताना दोन गोष्टी बघा. फेज-न्यूट्रलच्या पिनांच्या मुळाशी काळं आवरण हवं आणि अर्थची पिन मात्र पूर्ण उघडी, धातूची हवी. अर्थच्या पिनेलाही काळं आवरण असेल तर तो माल नकली समजा. आत फ्यूजही हवा.

आखातात अर्थच्या भोकात पेन किंवा काडी खुपसून टू-पिन बसवायची युक्ती सर्रास चालते. ती का करू नये, ते एकदा समजून घ्या. गोल पिन चौकोनी पट्टीला फक्त एका रेषेवर टेकते, म्हणजे तापणार. आणि ब्रिटनमधल्या घरांत अनेक सॉकेट एकाच ३२ ॲम्पियरच्या सर्किटवर असतात. बारीक वायरचं रक्षण प्लगमधला ३ किंवा १३ ॲम्पियरचा फ्यूज करतो. पेनाच्या युक्तीत तो फ्यूजच गायब होतो. ब्रिटिश बाथरूममध्ये आरशाजवळ जो टू-पिन सॉकेट दिसतो तो फक्त दाढीचं मशीन आणि इलेक्ट्रिक ब्रशसाठी असतो. त्याची ताकद नगण्य, लॅपटॉप तिथे लावू नये.

युरोपात भानगड खोलीची आहे. जर्मनी, नेदरलँड्स, स्पेन, ऑस्ट्रिया इथला सॉकेट गोल खड्ड्यासारखा आत असतो. ज्या ठोकळ्याचा पिनांकडचा भाग निमुळता नाही, तो कडेवरच अडतो. पिनांची नुसती टोकं आत टेकतात आणि लोंबकळून काही वेळाने चार्जिंग बंद. इथे गोल तोंडाचा, ४.८ मिलिमीटर पिनांचा, कडेला पट्ट्या आणि मध्ये एक भोक असलेला अडॅप्टर घ्या. ते भोक फ्रान्स, बेल्जियम, पोलंड आणि चेक प्रजासत्ताकासाठी, कारण तिथे अर्थची पिन सॉकेटमधूनच बाहेर आलेली असते. असा एक अडॅप्टर दोन्हीकडे अर्थसकट चालतो.

पण तो स्वित्झर्लंड आणि इटलीत अडतो. स्विस सॉकेटचा खड्डा षट्कोनी आणि चिंचोळा, जाड गोल तोंड आत जातच नाही. इटलीत तीन भोकं एका रांगेत असतात, आणि १६ ॲम्पियरच्या जुन्या सॉकेटला तर साधी टू-पिनही बसत नाही, कारण अंतर १९ऐवजी २६ मिलिमीटर असतं. त्यामुळे युरोपची सहल एकाहून जास्त देशांची असेल तर सोबत ४ मिलिमीटरचा चपटा टू-पिन अडॅप्टरही ठेवा. अर्थ मिळणार नाही, पण मोबाइल बहुतेक ठिकाणी चार्ज होईल. आपल्या प्लगची जाड पिन युरोपीय सॉकेटमध्ये दामटून बसवू नये. ५.१ची पिन ४.८च्या जागेत जोर लावून जाते खरी, पण आतली पट्टी कायमची फाकते, आणि ती भरपाई घरमालक डिपॉझिटमधून कापून घेतो.

अमेरिका-कॅनडात पिना चपट्या, बारीक, आणि सॉकेट भिंतीवर उभा. हॉटेलातले सॉकेट वापरून इतके ढिले झालेले असतात की ठोकळा आणि त्यावर चार्जर असं वजन अडकवलं की पुढे झुकून अर्धा बाहेर येतो. उघड्या पिना आणि भिंत यांच्यातल्या त्या फटीत नाणं किंवा साखळी पडली तर सरळ शॉर्ट. इथे छोटा एक्स्टेन्शन बोर्ड सोन्याचा. भिंतीत फक्त हलका अडॅप्टर, बोर्ड टेबलावर, आणि त्यावर लॅपटॉप, दोन मोबाइल, कॅमेरा सगळं आपल्याच प्लगने. बोर्डात नुसत्या वायरी असतात, त्यामुळे १२० व्होल्टवरही तो चालतो. फक्त स्विचचा लाल दिवा मंद दिसेल. बोर्डाची वायर तीन तारांची घ्या. जपानसाठी मात्र थ्री-पिन अमेरिकन अडॅप्टर घेऊ नका, तिथले बहुतेक सॉकेट टू-पिनच असतात. दोन्ही पाती सारख्या रुंदीची असलेला घ्या, कारण अमेरिकेत एक पातं रुंद असतं आणि ते जपानच्या पुष्कळ सॉकेटमध्ये शिरत नाही.

वॉटचा हिशेब सोपा आहे. ठोकळ्यावर ८ ॲम्पियर लिहिलेलं असेल तर २३० व्होल्टवर १८४० वॉट, ११० व्होल्टवर ८८०. लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर अर्ध्या ॲम्पियरच्या आसपास घेतो, अमेरिकेत एकाच्या आसपास. त्याने काही होत नाही. वितळलेले ठोकळे बघाल तर ते किटली, इस्त्री किंवा हेअर ड्रायरचे. १५०० वॉटची किटली साडेसहा ॲम्पियर घेते. छापलेल्या आकड्यात ते बसतं, पण फाकलेल्या पट्टीवर तेवढा करंट गेला की दोन-तीन मिनिटांत प्लॅस्टिकचा वास येतो. किटली तिकडेच घ्यावी, किंवा सुट्या अडॅप्टरवर लावावी. ठोकळ्यातले यूएसबी पोर्टही भरवशाचे नाहीत. त्या एवढ्याशा जागेत उष्णता बाहेर पडत नाही, आणि सगळ्यात आधी तेच जातात. पिना पुढे चालू राहतात, कारण त्यांचा मार्ग वेगळा. त्यापेक्षा तीन पोर्टचा, ६५ वॉटचा वेगळा गॅन (आकाराने लहान, कमी तापणारा) चार्जर बरा. फक्त लक्षात ठेवा, ६५ वॉट हे एकच केबल लावल्यावर. दुसरा मोबाइल जोडला की लॅपटॉपच्या वाट्याला साधारण ४५ उरतात.

अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी मिक्सर बॅगेत जातोच. चार्जरवर ‘इनपुट १०० ते २४०’ असेल तर जगात कुठेही चालतो. आपल्या मिक्सरवर नुसतं २३० असतं. जर्मनीत, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात तो अर्थिंगवाल्या अडॅप्टरवर व्यवस्थित चालतो, कारण ७५० वॉट म्हणजे जेमतेम सव्वातीन ॲम्पियर. अमेरिकेत तो फिरतो, पण ओलं खोबरं काही वाटलं जात नाही. व्होल्टेज निम्म्यावर आलं की ताकद जवळपास चौथ्या हिश्शावर येते. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मोटरसाठी दुप्पट क्षमतेचा, म्हणजे १५०० वॉटचा लागतो, आणि तो काही किलो वजनाचा असतो. त्यापेक्षा तिकडच्या भारतीय दुकानांत ११० व्होल्टचे आपल्या पद्धतीचे मिक्सर मिळतात, तोच घ्यावा. डासांचं लिक्विड मशीन अमेरिकेत नुसतं दिवा दाखवतं, वात पुरेशी तापत नाही.

वर्षभरासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आणखी एक स्वस्त उपाय आहे. लॅपटॉपच्या चार्जरची भिंतीकडची वायर बहुतेकदा निघते. चार्जरचं तोंड तीन पाकळ्यांचं असेल तर सी५, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं असेल तर सी७. त्या नावाची स्थानिक वायर तिथल्या दुकानात मागितली की अडॅप्टरची गरजच संपते, आणि सी५ असेल तर अर्थही मिळतो. डेस्कटॉप किंवा मॉनिटरला सी१३.

उलट दिशेचं नुकसान जास्त वेगाने होतं. अमेरिकेहून कुणी केस सरळ करायचं यंत्र, कॉफीचं भांडं किंवा वॅफल-मेकर आणला आणि त्यावर फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं असेल, तर आपल्या २३०वर त्याची कॉइल साडेतीन पटींहून जास्त वॉट खेचते. १००० वॉटचं भांडं ३६०० वॉटच्या वर जातं. अडॅप्टर कितीही चांगला असला तरी कॉइल काही सेकंदांत जाते, किंवा फ्यूज. अशा वस्तूंना व्होल्टेज कमी करणारा, त्यांच्या वॉटपेक्षा मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि कॉफीच्या भांड्यासाठी त्याची किंमत भांड्यापेक्षा जास्त होते.