सडा राखायचा तर वारसास्थळ की समुदाय राखीव?

गावचा सडा (कातळाचं पठार) किंवा देवराई वाचवायचं ग्रामसभेत ठरलं, तर कायद्याची पुस्तकं उघडण्याआधी सातबारा काढा. कोकणात जागा बहुधा खाजगी निघते. खातं सामाईक, त्यावर सतरा नावं आणि त्यातली निम्मी माणसं मुंबईला.

जैवविविधता वारसास्थळाची तरतूद २००२ च्या जैवविविधता कायद्यात आहे. स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून राज्य सरकार ते जाहीर करतं. जागा लहान असली तरी चालते. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाची २.११ हेक्टर जागा २०२१ मध्ये जाहीर झाली, तीही बोटभर माशासाठी! मात्र पंचायतीची जैवविविधता समिती नुसती कागदावर असेल, तर आधी तिला कामाला लावा आणि लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंद) भरून घ्या. या मार्गात गुरं चारणं, गवत कापणं, देवाचे रिवाज यांच्यावर आपसूक बंदी येत नाही. गाव स्वतःहून ठरवेल तेवढीच बंधनं. गावकऱ्यांना हे पटतं. पण चिरेखाणवाला दारात उभा असेल, तर एवढ्या सैल बंधनांनी भागेल असं मला वाटत नाही.

तिथे समुदाय राखीव क्षेत्र जास्त पक्कं. हे वन्यजीव संरक्षण कायद्यातलं, खाजगी किंवा सामूहिक जमिनीसाठी. एकदा अधिसूचना निघाली की जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो आणि त्यावर राज्य सरकारची मंजुरीही. म्हणजे उद्या सरपंच बदलला तरी प्लॉट पाडणं सोपं नाही. अडचण एकच, पण मोठी: जमीनवाल्यांनी आपखुशीने पुढे यायला हवं. सतरा जणांची संमती गोळा करायची तर गणपती-शिमग्याला सगळे गावात असतात तेव्हाच बसा. फोनवर हे होत नाही.

नुसता ग्रामसभेचा ठराव? सुरुवात म्हणून ठीक. पुढची ग्रामसभा तो फिरवू शकते.

माझं मत विचाराल तर खाणीची किंवा जमीन विक्रीची कुजबुज असेल तिथे समुदाय राखीवसाठी झटा. तसं काही नसेल, किंवा जागा चार-पाच एकरांची राई असेल, तर वारसास्थळ पुरे.

आणि नोंदवहीसाठी सड्यावर जायचं ते पावसात. तेव्हा दिपकाडी, सीतेची आसवं फुललेली असतात, कातळातल्या डबक्यांत बेडूक असतात. मे महिन्यात साहेबांना घेऊन गेलात, तर तेही ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, म्हणूनच परततील.