गावाकडच्या घरासाठी काय घ्यावं: कॉलिंग पॅक, फोरजी कीपॅड, स्मार्टफोन की फायबर?

धडगाव, अक्कलकुवा, मोखाडा, भामरागड अशा भागात ज्यांचं घर आहे, किंवा आईवडील तिकडे राहतात आणि आपण शहरातून पैसे पाठवून त्यांच्यासाठी नेटची काहीतरी सोय करावी असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते. घरात ज्या माणसाकडे आज स्वतःचा चालू नंबर नाही त्याला आधी स्वतःचं सिम द्या आणि ते वर्षभर बंद पडणार नाही एवढं बघा, स्पीड-बिड नंतर.

लाडकी बहीणची ई-केवायसीच घ्या. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि कितीतरी घरांत बाईच्या आधारला नंबर असतो नवऱ्याचा नाहीतर पोराचा, तो गेलेला असतो ऊसतोडीला किंवा सुरतला कामाला, मग त्याला फोन लावा, तो उचलेल तेव्हा आकडा विचारा, तोपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली आणि केंद्रावर मागे रांग उभी. तिचा स्वतःचा नंबर असला तरी महिन्याभराचा रिचार्ज मारायचा राहिला की काही दिवसांत इनकमिंगही जातं. धडगाव-अक्कलकुवा ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहेत त्यातल्याच टेंभलीत २०१० साली देशातला आधारचा पहिला नंबर दिला गेला होता, म्हणून मला ह्या गोष्टीचं जास्तच वाईट वाटतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका साधारण ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के होते, हा फरक नुसत्या टॉवरमुळे पडत नाही, एकाच घरात एकाच रेंजखाली पडतो.

आता पैशाचं. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआयनं दर वाढवले, जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ झाला आणि २ जीबीवाला सगळ्यात स्वस्त प्लॅन १५५ वरून १८९. मग ट्रायनं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियम केला की नेट नको असलेल्यांसाठी फक्त कॉल आणि एसेमेसचे पॅक द्यायलाच पाहिजेत, ते २०२५ च्या सुरुवातीला आले, जिओचा ८४ दिवसांचा ४४८ ला आणि एअरटेलचा तेवढ्याच दिवसांचा ४६९ ला. ऐकायला बरं वाटतं पण भागून बघा, ४४८ म्हणजे २८ दिवसांना जवळपास १४९ पडले, म्हणजे १८९ च्या मानानं चाळीसेक रुपये वाचले आणि नेट पूर्ण गेलं. आणि २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आलेल्या जिओभारत कीपॅड फोनचा रिचार्ज होता २८ दिवसांना १२३, त्यात कॉल अनलिमिटेड आणि वर १४ जीबी नेट. म्हणजे नेट असलेल्या फोनचा रिचार्ज नेट नसलेल्या पॅकपेक्षा स्वस्त! वर्षभरात फोनच्या किमतीतला साधारण तिसरा हिस्सा तिथेच सुटतो. हे आकडे त्या त्या वेळचे आहेत, दर सारखे बदलतात, रिचार्ज मारायच्या आधी ॲपवर नाहीतर दुकानात एकदा बघाच.

मग सगळ्यांना तोच फोन घ्यावा का, तर नाही. त्यात जिओचंच सिम चालतं, दुसऱ्या कंपनीची रेंज तुमच्याकडे चांगली असेल तर तो फोन घेऊन उपयोग शून्य. हवं ते ॲप टाकता येत नाही, ई-पीक पाहणी त्यावर होणार नाही, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायला स्मार्टफोनच लागतो. पण आईला फोन, ओटीपी, जिओपेवरून थोडं यूपीआय आणि संध्याकाळी भजनाचे व्हिडिओ एवढंच पाहिजे असेल तर मी डोळे झाकून हाच सांगेन. कॉलिंगचा पॅक फक्त अशांसाठी ज्यांच्याकडे चालू अवस्थेतला साधा फोन आहे, जे दुसऱ्या कंपनीच्या रेंजमध्ये राहतात किंवा ज्यांना नवीन फोन हाताळायचाच नाहीये.

स्मार्टफोन घेणार असाल तर कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ह्याच्याआधी बँड, म्हणजे फोन कुठल्या फ्रिक्वेन्सीचं सिग्नल पकडतो ते, बघा. बीएसएनएलचं स्वदेशी फोरजी आलंय, २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशात झारसुगुड्याला ९७,५०० हून जास्त टॉवरचं उद्घाटन झालं, आणि त्यात ७०० मेगाहर्ट्झवर जे सिग्नल येतं ते लांब पोचतं आणि भिंतीतून आतही येतं, डोंगराळ भागाला तेच पाहिजे. पण फोनमध्ये बँड २८, म्हणजे हाच ७०० मेगाहर्ट्झवाला, नसेल तर ते पकडणारच नाही, आणि बरेच जुने स्वस्त फोन असे आहेत, मग लोक म्हणतात टॉवर आला पण रेंज काही आली नाही. सेकंडहँड घेताना तर मॉडेल नंबर टाकून तपासाच. आणि पोर्ट करायच्या आधी त्या कंपनीचं सिम असलेल्या कुणालातरी घरी बोलवा, आत चुलीपाशी, ओट्यावर आणि गोठ्यात तिन्हीकडे उभं राहून कॉल लावून बघा. वेबसाईटवरच्या नकाशात हिरवं दिसतं ते गावाचं असतं, तुमच्या घराचं नाही.

फायबरचा हिशोब माणसांवर आहे. ३९९ चा प्लॅन धरला तर १८ टक्के जीएसटी लागून ४७१ होतात. घरात तीन फोन असतील आणि प्रत्येकाला २९९ मारत असाल तर ८९७ जातात, फायबर आणि तिघांना १४९ चं नुसतं कॉलिंग घेतलं तर ९१८, म्हणजे फायदा काहीच नाही. चौथा फोन आला की १,१९६ च्या जागी १,०६७. शिकणारी पोरं असतील तर मात्र तीन फोनवरही घ्या, डेटा संपला म्हणून धडा अर्धवट राहत नाही आणि वायफाय कॉलिंग असलेल्या फोनला घरात रेंज नसताना कॉलही लागतो. फक्त लाईट गेली की राउटर बंद, त्याला छोटा यूपीएस लागतो, तो खर्च आधीच धरा. आणि खांबावरून वायर आलेली असेल तर पावसाळ्यात झाड पडून ती तुटली की दुरुस्तीला कोण आणि किती दिवसांत येतं हे शेजाऱ्याला विचारूनच पैसे भरा.

रेंजच नाही तिथे ह्यातलं काहीच चालत नाही, तिथे प्रश्न गावाचा होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं पाच राज्यांतल्या आकांक्षित (विकासात मागे म्हणून निवडलेल्या) जिल्ह्यांमधल्या रेंज नसलेल्या ७,२८७ गावांसाठी फोरजी मंजूर केलं, त्यात महाराष्ट्र होता, आणि जुलै २०२२ मध्ये देशभरातल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना आली. हा पैसा ज्या निधीतून येतो त्याचं नाव आता डिजिटल भारत निधी आहे. जानेवारी २०२५ पासून ह्या निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर एकमेकांच्या ग्राहकांना चालवून घ्यायची सोय सुरू झालीये, म्हणजे टॉवर एकाचा असला तरी जिओ, एअरटेल, बीएसएनएल ह्यांच्यापैकी दुसऱ्याचं सिमही त्यावर चालू शकतं. तुमच्या जवळचा टॉवर ह्यातला असेल तर घाईनं पोर्ट करू नका, आधी फोनमध्ये रोमिंग चालू करून बघा.

सॅटेलाइटवरून नेट देणाऱ्या स्टारलिंकसोबत महाराष्ट्र सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये इरादापत्रावर सही केलीये, गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीमसाठी. ते शाळा, आरोग्य केंद्रं, सरकारी कचेऱ्या अशांसाठी आहे, घरातली खरेदी त्याच्यासाठी थांबवू नका. त्यापेक्षा पीएम-वाणी ह्या केंद्राच्या सार्वजनिक वायफाय योजनेतला वायफाय गावात बसवणं लवकर होण्यासारखं आहे, किराणा दुकानदारही लायसन्सशिवाय तो चालवू शकतो, आणि जून २०२५ मध्ये ट्रायनं अशा दुकानदाराला घरगुती फायबरच्या दुपटीपेक्षा जास्त दर लावायचा नाही असं ठरवलंय. पंचायतीपर्यंत भारतनेटची (सरकारी फायबर योजनेची) वायर आलेली असेल तर पुढच्या ग्रामसभेत सरळ विचारा की ती चालू आहे का आणि त्यावर वायफाय का नाही, उत्तर कार्यवृत्तात लिहून घ्या, आणि टॉवरच्या मागणीचा ठराव त्याच बैठकीत मांडा.