अंगी काय लागतं: ताटातलं की गोळीतलं?

जीवनसत्त्वांची गोळी सुरू करावी की जेवणच सुधारावं, याला सरसकट उत्तर नाही. कोणतं जीवनसत्त्व हवंय ते आधी बघावं लागतं. माझा कल ताटाकडे आहे, तरी काही बाबतीत गोळी जास्त अंगी लागते हे खरं आहे.

‘अ’ जीवनसत्त्वापासून सुरुवात करू. किसलेलं गाजर थोड्या तेलात परतून बघा, दोन मिनिटांत तेल केशरी होतं. तो रंग म्हणजे बीटा-कॅरोटीन, ज्याचं शरीर ‘अ’ बनवतं. कच्च्या गाजरात ते पेशींमध्ये अडकलेलं असतं. शिजवल्यावर सुटतं आणि स्निग्ध पदार्थ सोबत असेल तरच नीट शोषलं जातं. ड, ई आणि के यांनाही ही सोबत लागते. एवढं करूनही अन्नातल्या १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनमधून १ मायक्रोग्रॅम ‘अ’ मिळतं, तर तेलातल्या कॅप्सूलमधलं २ मायक्रोग्रॅम तेवढ्याला पुरतं. आकड्यात कॅप्सूल सहापट पुढे, आणि तरीही मी इथे गाजरच निवडेन. अन्नातल्या कॅरोटीनमधून शरीर गरजेपुरतं ‘अ’ बनवतं. काही गोळ्यांत मात्र रेटिनॉल, म्हणजे तयार ‘अ’च असतं. ते यकृतात साठत जातं, आणि गरोदरपणात ते जास्त झालं तर बाळाला अपाय होऊ शकतो. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला दिसला. तो अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला.

‘क’बद्दल फार विचार करू नका. फळातलं आणि गोळीतलं ‘क’ रासायनिकदृष्ट्या एकच. रोज ३० ते १८० मिलिग्रॅम पोटात गेलं तर त्यातलं ७० ते ९० टक्के शोषलं जातं. एका दिवसात १ ग्रॅमच्या पुढे गेलात की निम्म्याहून कमी. मोठी गोळी घेऊन फारसं काही साधत नाही.

बी-१२ची गोष्ट वेगळी. अन्नात ते प्रथिनाला चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन त्याला सोडवतात. पुढे जठरातच तयार होणारं इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन त्याला धरून लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतं आणि तिथे ते रक्तात शिरतं. उतारवयात आम्ल कमी झालं किंवा अॅसिडिटीची औषधं वर्षानुवर्षं चालू असली, की पहिल्याच पायरीवर गाडी अडते. मग अंडी, दूध, मांस खाऊनही बी-१२ कमीच राहू शकतं. गोळीतलं बी-१२ मोकळंच असल्यामुळे ही पायरी टळते. इंट्रिन्सिक फॅक्टरच्या वाटेने एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम आत जातं, पण मोठ्या मात्रेतलं साधारण १ टक्का या वाटेशिवायही झिरपतं. म्हणजे १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून सुमारे १०, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज अडीचच्या आसपास. प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणाऱ्यांनी तर ताटावर विसंबूच नये. त्यांच्यासाठी गोळी किंवा बी-१२ मुद्दाम घातलेलं अन्न हाच खात्रीचा मार्ग.

फोलेटमध्येही गोळी सरस. पालेभाज्यांतलं फोलेट लांब साखळीच्या रूपात असतं आणि आतड्यात ती तुटल्यावरच शोषलं जातं, तेही साधारण निम्मं. जेवणासोबत घेतलेलं फॉलिक अॅसिड, म्हणजे गोळीतलं फोलेट, ८५ टक्क्यांपर्यंत शोषलं जातं. गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सांगतात ती यामुळेच. बाळाच्या मज्जारज्जूची घडण पहिल्या काही आठवड्यांतच होते, बऱ्याचदा दिवस गेल्याचं कळण्याआधीच. तेव्हा भाजीच्या भरवशावर राहू नका.

फक्त एक सांभाळा. भरपूर फॉलिक अॅसिडमुळे बी-१२च्या कमतरतेतला रक्तक्षय झाकला जातो, पण नसांचं नुकसान चालूच राहतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर फॉलिक अॅसिड सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि बी-१२ तपासून घ्या.