धायरी ते केळद, दोन पावसाळे: जिम्नी झेटा मॅन्युअल

मी पशुवैद्य आहे. घर धायरीत, काम पाबे घाटापलीकडे वेल्हे, केळद आणि मधल्या वाड्यांवर. गाय अडली की फोन येतो तो बहुतेक रात्री. जुलैत आला तर शेवटचे दोन किलोमीटर रस्ता नसतोच, भातखाचरांच्या बांधांमधून जाणारी तांबडी निसरडी वाट असते. त्यामुळे गाडी घेताना ती किती उंच चढते यापेक्षा मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटत होती: सकाळी बिघडली तर संध्याकाळच्या आत तिला कोण उघडणार, आणि लागणारा भाग त्याला कुठे मिळणार?

हे मला आधीच्या गाडीने शिकवलं. जुनी घेतलेली डिझेल फोर बाय फोर होती, कंपनीचं नाव घेत नाही. ओढायला दांडगी, पण तिच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा डीपीएफ होता. साठलेली काजळी जळून जायला इंजिन बराच वेळ चांगलं तापलेलं, हायवेच्या वेगाने चालावं लागतं. माझं चालणं म्हणजे तीन किलोमीटर गेलं, गाडी बंद, तासभर गोठ्यात, पुन्हा चार किलोमीटर. काजळी जळायची कधी? दर दोन-तीन महिन्यांनी दिवा लागायचा. एका जुलैत ती नऊ दिवस वर्कशॉपमध्ये पडून होती. त्या नऊ दिवसांत एका घरची पहिलारू गाय मी दुचाकीवरून पोचेपर्यंत गेली. त्या घरच्या आजींनी मला चहा दिला, एक शब्द बोलल्या नाहीत. ती संध्याकाळ अजून जात नाही मनातून.

मग डिझेलचा विचार सोडला. त्याआधी फोर्सची गुरखा, तीही डिझेल फोर बाय फोर, चालवून पाहिली होती, कंपनी आपल्या आकुर्डीचीच. कारखान्यातूनच बसून येणारा स्नॉर्कल, म्हणजे इंजिनला पाण्याच्या वरून हवा देणारी नळी, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीला, लॉक. ज्यांना नदीपात्रातून जायचं आहे त्यांनी तीच घ्यावी, मी मनापासून सांगते. माझ्या वाटांना मात्र ती रुंद पडत होती. कोणी एटीव्हीही सुचवली, रिसॉर्टवर फिरवतात ती. पण बहुतेक एटीव्हींना रस्त्यावर चालवायची नोंदणी मिळत नाही, आणि मला धायरीपासूनच डांबरावरून जायचं असतं.

२०२३ च्या जूनमध्ये मारुतीची पाच दारांची जिम्नी बाजारात आली, त्याच दिवाळीत मी घेतली. झेटा, मॅन्युअल. शोरूमवाला अल्फा, म्हणजे वरचं मॉडेल, घ्या म्हणून मागे लागला होता. झेटाला लोखंडी रिम आहेत. दगडावर आपटून कड वाकली तर वेल्ह्याचा पंक्चरवाला हातोडीने सरळ करतो, एकदा केलीही आहे. पुढचे दिवे साध्या हॅलोजन बल्बचे. बल्ब गेला तर मी स्वतः बदलते. एलईडीचा अख्खा दिवा बदलायची वेळ आली तर खर्चही मोठा आणि वाटही बघायची. आडवाटेला जाणाऱ्याने वरचं मॉडेल म्हणजे चांगलं मॉडेल असं धरू नये.

इंजिन १४६२ सीसीचं पेट्रोल. हेच के-१५-बी इंजिन २०२२ च्या आधीच्या काही वर्षांतल्या पेट्रोल एर्टिगात आणि ब्रेझात, आणि सियाझमध्ये आहे. टॅक्सीवाल्यांनी ते लाखो किलोमीटर पळवलंय. त्यामुळे नऱ्ह्यातल्या माझ्या मिस्त्रींना ते नवीन नाही, आणि फिल्टर, प्लग, कॉइल नाना पेठेत दुकानात उभ्या उभ्या मिळतात. टायमिंगला पट्टा नाही, चेन आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला पट्टा बदलायचं काम नाही. डीपीएफ नाही, डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करायला लागणारं डीईएफ भरायचं नाही. १३४ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, कमीच म्हणायचा. पाबे घाटात दुसऱ्या गिअरला यावं लागतं आणि इंजिन ओरडतं. घाई असणाऱ्याला हे खटकेल. मला खटकत नाही, कारण चिखलात लीव्हर फोर-एलमध्ये, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये, ओढला की हेच इंजिन रांगत रांगत वर नेतं.

इथवर गाडी कुठल्याही साध्या कारसारखी. खालचं काम वेगळं आहे, आणि त्याबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

साध्या कारला नसलेल्या तीन जागी हिच्यात तेल असतं: पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल आणि मधली, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी ट्रान्सफर केस. इंजिन ऑइल सगळे बघतात, ही तीन विसरतात. ओढा ओलांडणाऱ्यांसाठी तर हे फार महत्त्वाचं. घाट चढून आलेलं डिफरन्शियल तापलेलं असतं. तसंच थंड पाण्यात घातलं की आतली हवा आकसते आणि सील थोडं जरी थकलेलं असेल तर पाणी आत ओढून घेते. पहिल्या पावसाळ्यात माझ्याकडून हेच झालं. मिस्त्रींनी प्लग काढून बोट बुडवलं तर तेल दूध जास्त झालेल्या चहासारखं. तेल त्याच दिवशी बदललं, सील मागवून चौथ्या दिवशी बसवलं, बेअरिंग वाचले. तसंच चालवलं असतं तर दोन महिन्यांत गिअर खाल्ले असते. आता मी ओढ्याच्या अलीकडे पाच-दहा मिनिटं थांबते, आणि खोल पाणी ओलांडलं असेल तर त्या आठवड्यात तिन्ही प्लग उघडून बघायला लावते. याला वीस मिनिटं पुरतात.

दुसरं, हँडल. एकदा सत्तरच्या पुढे स्टिअरिंग जोरात थरथरायला लागलं. एका ठिकाणी किंगपिन बेअरिंग, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ते, बदला म्हणाले, मोठा खर्च सांगितला. मिस्त्रींनी आधी चाक काढलं. रिमच्या आतल्या बाजूला मूठभर तांबडी माती वाळून दगड झाली होती. खरवडली, थरथर बंद. पुढचा अॅक्सल अखंड असल्यामुळे किंगपिन आणि आडव्या रॉडचे बुश झिजले तरी हेच लक्षण दिसतं, पण चाक उचलून हलवून पाहिल्याशिवाय कोणाला हो म्हणू नका.

मागचे ब्रेक ड्रमचे आहेत. चिखल आत बसतो. गणपती झाले की उघडून धुवायचे आणि शू बघायचे. सुक्या डांबरावर फोर बाय फोर लावून चालवू नका. पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्यातला फरक सुटायला वाट मिळत नाही आणि सगळा ताण शाफ्टवर येतो. आणि चिखलात एक चाक हवेत फिरायला लागलं तर पाय काढू नका. हिला डिफरन्शियल लॉक नाही, गाडी त्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर पाठवते. खालून करकर आवाज येतो, पहिल्यांदा भीती वाटते. एक्सलेटर स्थिर ठेवला तरच ते काम होतं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. मागे सामानाची जागा २०८ लिटर, म्हणजे माझा रेतनाचं बीज गोठवून ठेवायचा नायट्रोजनचा कंटेनर, औषधांची पेटी आणि गमबूट एवढंही नीट मावत नाही. मागची सीट कायम पाडलेली, ३३२ लिटर होतात. चौघांच्या कुटुंबाने हा हिशोब आधी करावा. कागदावर लिटरला १६.९४ किलोमीटर आहे, मला घाट धरून तेरा मिळतात, आणि टाकी ४० लिटरचीच. तरी १६४५ मिलिमीटर रुंदीमुळे दोन्ही बाजूंना दगडी बांध असलेल्या वाटेतून ती जाते. तिथे आधीची गाडी सोडून मी छत्री घेऊन चालत जायचे.

आजवर एकतीस हजार किलोमीटर झाले. गाडी नाही म्हणून न गेलेला दिवस एकही नाही.

गेल्या भाद्रपदात त्याच आजींच्या घरून फोन आला, रात्री दोनला. वासरू आडवं होतं. मी पोचले तेव्हा गाय उभी होती. वासरू पाडी निघाली, जिवंत. आजींनी पुन्हा चहा दिला, आणि या वेळी मी निघेपर्यंत बोलत होत्या.