अमूल मिठाई मेट: खरवसाला एकदम मस्त, गोडाचा अंदाज मात्र ठेवा

चीक मिळत नाही म्हणून खरवस करायचाच नाही असं नका करू, मिठाई मेटचा, म्हणजे साखर घालून आटवलेल्या घट्ट दुधाचा (कंडेन्स्ड मिल्क) डबा आणा. एक वाटी मिठाई मेट, एक वाटी दूध, एक वाटी घट्ट दही (आंबट अजिबात नको), वेलची जायफळ घालून गुठळ्या न ठेवता फेटायचं आणि झाकण ठेवून वीसेक मिनिटं वाफवायचं. पूर्ण गार झाल्याशिवाय वड्या कापू नका, मोडतात. चिकाच्या खरवसाची जाळी येत नाही, हा जरा क्रीमी लागतो, पण घरात सगळ्यांना आवडतो. वेगळी साखर घालायचीच नाही, मुळातच भरपूर गोड आहे.

आणि हो, रेसिपीत इव्हॅपोरेटेड मिल्क (नुसतं आटवलेलं दूध) असेल तर त्याजागी मिठाई मेट चालत नाही, इव्हॅपोरेटेड मिल्कमध्ये साखर नसते. आपल्याकडे ते सहज मिळतही नाही, सरळ फुल क्रीम दूध आटवून निम्म्याहून थोडं कमी करा, काम होतं. ट्रेस लेचेस केकला (तीन प्रकारच्या दुधात भिजवलेला केक) दोन्ही लागतात.

डबा नसेल तर अर्धा लिटर दूध नि पाऊण वाटी साखर मंद आचेवर आटवायची, तळ सतत खरवडत राहायचं, आणि चमच्याच्या पाठीला साय धरल्यासारखं चिकटलं की लगेच गॅस बंद, कारण गार झाल्यावर अजून घट्ट होतं. पण नारळाच्या वड्या घाईत करायच्या असतील तर मी डबाच घेईन, वड्या मऊ राहतात. उरलेलं काचेच्या बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवा, उघड्या डब्यात नको.